पिवळ्या कागदाची बॅटरी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर एकच अट घातली. "साहेब, गमतीजमती लिहा. पर्यटकांचे किस्से. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." मी हो म्हणालो. बत्तीस वर्षं अजिंठ्याला गाइड म्हणून काढली, किस्स्यांना काय तोटा? एका बाईंनी विचारलं होतं, लेणी इतक्या आडरानात का खोदली, विमानतळाजवळ का नाही? एक काका धापा टाकत सोळाव्या लेण्यापर्यंत आले आणि म्हणाले, "ह्यात आता नवीन काय आहे?" एका जर्मन गृहस्थांनी डोळ्यासमोर अंगठा धरून बुद्धाच्या नाकाची लांबी मोजली आणि वहीत लिहून घेतली. कशासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

असं दोन पानं लिहिलं आणि पेन थांबलं. त्या बत्तीस वर्षांतला एक दिवस सारखा आडवा यायला लागला. त्यात हसण्यासारखं काही नाही. संपादकांनी माफ करावं.

आधी धंदा समजावून सांगतो. परवानाधारक गाइडला हॉटेलातून किंवा टूर कंपनीकडून चिठ्ठी येते. तिच्यावर पाहुण्याचं नाव, माणसं किती, देश कोणता, एवढं असतं. बाहेरच्यांना वाटतं गाइडचं काम माहिती सांगायचं. माहिती फळ्यावरही लिहिलेली असते. गाइडचं खरं काम माणूस खूश करायचं. अंधाऱ्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या रंगांवर तो बॅटरीचा उजेड टाकतो, आणि पाहुण्याला जे बघायचंय तेच त्याला दाखवतो. मी माझ्या बॅटरीला पिवळा जिलेटीन कागद लावायचो. पांढरा उजेड चित्राला मारून टाकतो, पिवळ्यात चेहरे जिवंत होतात. ही युक्ती माझी स्वतःची. तिचा मला अभिमान होता, अजूनही आहे, खोटं का बोलू?

चिठ्ठीवरचा देश वाचला की माझी पोथी ठरायची. जपानी असेल तर धम्म, फ्रेंच असेल तर रंग, आणि आपला कुणी असेल तर "ही लेणी एका रात्रीत पांडवांनी खोदलेली नाहीत" इथून सुरुवात. पाहुण्याला "आपण कुठले?" असं मी कधी विचारायचो नाही. विचारणं म्हणजे नवशिकेपणा. चिठ्ठी बघायची आणि पाहुण्याला त्याच्या देशाच्या दोन गोष्टी सांगून चकित करायचं, ही माझी शान होती.

यात सगळ्यांत जास्त तयारी मी दोन गिऱ्हाइकांसाठी केली होती. एक अरब, दुसरे इस्रायली.

आमच्या गावात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, अरब विद्यार्थी पहिल्यापासून असायचे. येमेन, सुदान, जॉर्डन, पॅलेस्टाईन. फार्मसी नाहीतर इंग्रजी शिकायला यायचे, खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे, आणि रविवारी जीप ठरवून अजिंठ्याला जायचे. इस्रायली आले ते उशिरा. ब्याण्णव साली भारत आणि इस्रायल, दोन्ही देशांच्या वकिलाती सुरू झाल्या आणि मग लष्करातली सक्तीची नोकरी संपवलेली तरणी मंडळी पाठीवर बोचकी घेऊन दिसायला लागली.

त्यांचं भांडण मला पाठ होतं. अठ्ठेचाळीस साली इस्रायल देश झाला. एक बाजू त्या सालाला स्वातंत्र्य म्हणते, दुसरी नकबा म्हणते, म्हणजे अरिष्ट. लाखोंना घरं सोडावी लागली. मग लढायांवर लढाया. मध्येच इजिप्तशी तह. त्र्याण्णव साली अमेरिकेत हिरवळीवर दोघा पुढाऱ्यांनी हात मिळवले, तो फोटो आपल्याही पेपरांत पहिल्या पानावर होता. त्यानंतर पुन्हा दगड, गोळ्या, बसमधले स्फोट. एवढं मी वाचून ठेवलं होतं, पण समजून घ्यायला नाही, बोलायला. इस्रायली असले की म्हणायचो, "आमच्या कोकणातल्या शनिवार तेल्यांना, म्हणजे ज्यूंना, शेकडो वर्षांत कुणी बोट लावलं नाही. शत्रूनं वेढलेल्या देशाचं दुःख आम्हाला कळतं." अरब असले की म्हणायचो, "पॅलेस्टाईनला राष्ट्र मानणाऱ्या पहिल्या देशांत आमचा देश. गुलामी काय असते ते आम्हाला विचारा." दोघंही माझा हात हातात घ्यायचे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मला वाटायचं, हीच खरी शांतता. माझ्या लेण्यात कधी भांडण झालं नाही.

सतराव्या लेण्यातल्या भिंतीवर एक मोठं चित्र आहे. व्यापाऱ्यांचं गलबत फुटतं, ते एका बेटाला लागतात. बेटावर सुंदर बायका. त्या दिवसा गोड बोलतात आणि रात्री माणसं खातात, कारण त्या राक्षसिणी. एक व्यापारी पांढऱ्या घोड्यावरून निसटतो, पुढे राजा होतो, हत्ती आणि फौज घेऊन परत येतो आणि बेट जिंकतो. चित्रात बायका भाल्यांखाली पडताना दिसतात.

ही गोष्ट मी दोन तऱ्हेनं सांगायचो. इस्रायलींना सांगायचो, "गोड बोलणाऱ्या शेजाऱ्यावर विसंबू नये, हे या माणसाला जिवावर बेतल्यावर कळलं. मग तो ताकदीनिशी आला." अरबांना सांगायचो, "नीट बघा, ह्यांच्यातली एकही राक्षसीण दिसते का? साध्या बायका आहेत. त्यांना राक्षसीण कुणी ठरवलं? ज्यानं बेट घेतलं त्यानं. गोष्ट नेहमी जिंकणारा सांगतो. समोरच्याची गोष्ट विचारल्याशिवाय चित्र पुरं होत नाही."

यातली दुसरी तऱ्हा मला स्वतःला पटलेली होती. मी करमाडचा. छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्या घरातला. आमच्याविषयीच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनीच सांगितल्या होत्या, म्हणून ते वाक्य मला सुचलं. पण पटलेलं असूनही मी ते निम्म्याच गिऱ्हाइकांना सांगायचो.

कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यात एक चिठ्ठी आली. नाव तामार, माणसं दोन, देश इस्रायल.

तामारबाई साठीच्या, निवृत्त नर्स. बरोबर एक उंच, वाकलेले गृहस्थ, डोक्यावर लोकरी टोपी. दोघं एकमेकांशी हिब्रूत बोलत होते. मी मनात म्हटलं, नवराबायको. सिल्लोडपर्यंत रस्ता उखडलेला होता, गाडी नांगरटीतून चालल्यासारखी चालली होती, आणि मी पुढच्या सीटवरून शनिवार तेल्यांची कथा लावली होती. बाई ऐकत होत्या. गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते.

सिल्लोडच्या पुढे चहाला थांबलो. ड्रायव्हर सलीमनं मला बाजूला घेतलं. "सर, बुढ्ढे मियाँ चाय पीते वखत बिस्मिल्ला बोले. मैंने सुना."

"अरे, हिब्रूत तसलंच काहीतरी असेल. चिठ्ठी बघितली नाहीस का?"

"चिठ्ठी पे क्या जाते सर, एक बार पूछ लेव ना."

मी विचारलं नाही. सलीम बारावी नापास, मी डबल एम.ए.

फर्दापूरला गाडी सोडून वर जाणाऱ्या बसनं लेण्यांपाशी गेलो. पायऱ्यांशी डोलीवाले उभे होते. नामदेव डोलीवाला माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "सर, पावनं लई थकल्यालं दिसतंत. बसवा की डोलीत, आमी आलगद नेतो." मी इंग्रजीत विचारलं. गृहस्थ हसून म्हणाले, "आमच्याकडे चौघांच्या खांद्यावरून एकदाच जातात. त्याला अजून वेळ आहे." ते गुडघे धरत, थांबत, पण चालतच वर आले.

सतराव्या लेण्यात गर्दी होती. दोन नवे गाइड आपापले पाहुणे घेऊन उभे होते. ते माझं बोलणं ऐकायला थांबत, हे मला ठाऊक होतं आणि आवडायचंही. मी बॅटरी लावली आणि इस्रायली तऱ्हा सुरू केली. गोड बोलणारे शेजारी, रात्री बाहेर पडणारी त्यांची नखं, परत आलेली फौज. त्या दिवशी जरा रंगूनच सांगितली.

माझं झाल्यावर गृहस्थांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला.

"माफ करा," ते म्हणाले. "माझं नाव युसुफ. मी पॅलेस्टाईनमधला, बेथलेहेमजवळच्या एका गावातला शाळामास्तर. माझा मुलगा सामेर तुमच्या शहरात शिकत होता. त्याचं इथून आलेलं हे शेवटचं पत्र. यात हे चित्र आहे, पण गोष्ट वेगळी आहे."

आणि त्यांनी अरबीतून एकेक ओळ इंग्रजीत करत वाचलं. बाबा, आज मी एक चित्र पाहिलं. गाइड म्हणाला, या बायकांना राक्षसीण कुणी ठरवलं ते विचारा. तो म्हणाला, गोष्ट नेहमी जिंकणारा सांगतो, समोरच्याची गोष्ट विचारल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. बाबा, मी परत आलो की पलीकडच्यांची गोष्ट विचारणार आहे. त्यांच्यातल्या कुणाला तरी गाठून विचारणार आहे.

माझीच वाक्यं होती, शब्दन् शब्द.

"सतरा वर्षांपूर्वी तो सुटीला घरी आला," युसुफ म्हणाले. "लष्कराच्या तपासणी नाक्यावर गोंधळ झाला, सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्याला विचारायला मिळालंच नाही. म्हणून मी विचारायला लागलो." त्यांनी तामारबाईंकडे पाहिलं. त्याच वर्षी बाईंचा मुलगा बसमधल्या स्फोटात गेला होता. दोन्हीकडच्या, पोरं गमावलेल्या आईबापांचा एक गट होता, तिथं यांची गाठ पडली, आणि युसुफ हिब्रू शिकले तेही तिथंच. दोघं मिळून दोन्हीकडच्या शाळांत जायचे. कुठं शिव्या मिळायच्या, कुठं पोरं ऐकायची. आणि दर शाळेत युसुफ ह्याच चित्राची गोष्ट सांगायचे. हिंदुस्थानातल्या एका डोंगरात एक चित्र आहे, तिथल्या एका माणसानं माझ्या मुलाला असं सांगितलं. हे चित्र एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून त्यांनी बाईंना बरोबर घेतलं होतं. ते शेजारच्या जॉर्डनमधून, अम्मानहून आले, त्या तेल अवीवहून. मुंबईत भेटले.

मग त्यांनी मला विचारलं, "दोन गोष्टींतली खरी कोणती? माझ्या मुलाला इथं कुणी तसं सांगितलं असेल का?"

एवढाच प्रश्न होता. "मीच सांगितलं होतं" एवढं म्हणायचं होतं. दोन्ही नवे गाइड कान देऊन उभे होते. आत्ता पाच मिनिटांपूर्वी मी नेमकं उलटं सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. वरिष्ठ म्हणून माझं नाव होतं. हॉटेलकडे तक्रार गेली तर, हेही मनात येऊन गेलं.

मी म्हणालो, "नाही सर. कुणी परवानाधारक गाइड असं सांगणार नाही. गोष्ट मी सांगितली तशीच आहे. तरण्या वयात पोरं ऐकलेल्यात आपल्या मनाचं घालतात. त्यानं घातलं असेल."

युसुफनी त्या ओळींवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग मान हलवून म्हणाले, "हो. तो तसा होताच. मी त्याला पुष्कळदा रागवायचो, ऐकलंय तेवढंच लिहीत जा म्हणून." त्यांनी कागद घडी करून परत पाकिटात घातला. चित्राकडे पुन्हा पाहिलं नाही.

समोर गाभाऱ्यात बुद्धाची मूर्ती होती. आमच्याकडे दर पौर्णिमेला विहारात वंदना होते आणि पंचशील म्हणतात. पाच नेम, त्यातला चौथा खोटं न बोलण्याचा. लहानपणी वडील तो नेम माझ्याकडून दोनदा म्हणून घ्यायचे. "बाकीचं चार नेम माणूस भीतीनं तरी पाळतो," ते म्हणायचे, "ह्यो चौथा एकट्यानं पाळायचा असतो." जे शील मी हजारदा म्हटलं, ते ज्याचं त्याच्याच पुढ्यात मी मोडलं.

परतीच्या वाटेवर युसुफ माझ्याशी मास्तरकीनं बोलत होते. राग नव्हताच. तेच वाईट. म्हणाले, "आमच्या दुखण्याचं मूळ पुष्कळ जण पुष्कळ ठिकाणी शोधतात. मी मुलांना पहिल्या महायुद्धापासून सांगतो. इंग्रजांनी अरबांना पत्रं लिहून एक आशा दाखवली आणि ज्यूंना दुसरं पत्र देऊन दुसरी. दोघांनाही वाटलं, हा आपला माणूस. पत्रं लिहिणारा घरी गेला, आणि पत्रं घेऊन बसलेले आम्ही दोघं अजून भांडतोय."

तामारबाई म्हणाल्या, "आमच्याही चुका आहेत, युसुफ. सगळं इंग्रजांवर ढकलू नकोस."

"आहेत. तुमच्याही, आमच्याही. पण दोघांना दोन गोष्टी सांगणारा माणूस मला कधी कळला नाही. त्याला झोप कशी लागत असेल?"

मी समोर रस्त्याकडे बघत बसलो होतो. मला टोमणा मारायला ते बोलले नव्हते. तो माणूस पुढच्याच सीटवर बसलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

हॉटेलपाशी युसुफ हात मिळवून आत गेले. बाई मागे थांबल्या. माझ्या खांद्याला लटकवलेल्या बॅटरीकडे बोट करून म्हणाल्या, "पत्रात पुढे आणखी एक ओळ आहे. युसुफनं ती तिथं वाचली नाही. गाइडच्या बॅटरीला पिवळा कागद लावलेला होता, म्हणून चेहरे जिवंत दिसत होते." आपलं कार्ड माझ्या हातात ठेवून त्या गेल्या.

तेव्हाही मला आत जाता आलं असतं. दहा पावलांवर लिफ्ट होती. मी रिक्षा केली आणि उस्मानपुऱ्याला घरी आलो.

सुमनला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाली, "दोन्ही डगरींवर हात ठिवून जगलात, त्याचं मी कधी काय बोलले नाय. प्वाट होतं. पण मेलेल्या लेकराला खोटं पाडलं व्हय तुमी? आत्ताच्या आत्ता जा आन् सांगून या."

"सकाळी जातो," मी म्हणालो. सकाळी गेलो तेव्हा दोघं विमानतळाकडे निघून गेले होते. मी जरा उशिराच गेलो होतो.

मग कार्ड कपाटात. लिहू, लिहू म्हणताना कोरोना आला, लेणी बंद झाली, माझं काम सुटलं ते सुटलंच. मग तिकडे तेवीस सालचा तो ऑक्टोबर आला. आधी इस्रायलमधली माणसं घरांत आणि नाचगाण्याच्या मैदानावर मारली गेली, ओलीस नेली. मग गाझावर बॉम्ब पडायला लागले ते थांबेचनात. टीव्हीवर ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं बघून मी सुमनला म्हणालो, "आता असल्या वेळी माझं कुठं लिहायचं? त्यांच्या दुःखापुढं हे केवढंसं."

ती म्हणाली, "खरं बोलाया मुहूर्त लागतो व्हय?"

तरीही आणखी कितीतरी महिने गेले. शेवटी ह्या उन्हाळ्यात लिहिलं. मी तोच गाइड. कागद पिवळाच होता. सामेरनं स्वतःच्या मनाचं एक अक्षर घातलं नव्हतं. हे युसुफसाहेबांना पोचवा. बाईंच्या पत्त्यावर ईमेल पाठवली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं तसं सांगतो.

"युसुफ गेल्या हिवाळ्यात गेला. हृदय. वाटा बंद होत्या, मला त्याच्या गावी जाता आलं नाही, मी फोनवर रडले. त्या दिवशी हॉटेलात मी त्याला बॅटरीचं सांगितलं होतं. त्यानं माझं ऐकलं नाही. म्हणाला, तामार, तसं असतं तर त्यानं सांगितलं असतं, एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी माणूस माझ्या मेलेल्या मुलाला खोटं पाडेल का? त्यानंतरही तो माझ्याबरोबर शाळांत येत राहिला. युद्ध सुरू झाल्यावरसुद्धा, जिथं दोघांना घेत होते तिथं. पण ती गोष्ट त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही. पोरांपुढे खोटं सांगायचं नाही, म्हणायचा. त्याची मुलगी आहे. पत्र तिच्याकडे आहे. तिला लिहा."

मी तिला लिहिलं. त्याच दिवशी तेच्या तेच बाईंनाही पाठवलं. दोघींना एकच मजकूर, काना-मात्रेचाही फरक नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दोन बाजूंना एक गोष्ट सांगितली, आणि ती ज्याला सांगायची तो ऐकायला नव्हता. मुलीचं उत्तर अजून आलेलं नाही. का यावं?

बॅटरी घरात आहे. कागदाचा रंग उडालाय, पण निघत नाही, डिंकानं धरून ठेवलाय. सुमन म्हणते टाकून द्या. मी देत नाही.

पौर्णिमेला विहारात जातो. सगळ्यांच्या बरोबरीनं पंचशील म्हणतो. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याला माझा आवाज फुटत नाही, आणि सगळे पाचव्यावर गेले की मी पुन्हा त्यांच्यात सामील होतो. शेजारी बसणाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला ठसका लागला. परवा एकानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी घेतला आणि प्यालो.